दार उघडं ठेवा आणि फोनची वाट बघा

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. डब्याच्या वेळी एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला आठवतो, आणि जेवण राहतं बाजूला. मी जे. पी. नगरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एचआर बघते. म्हणजे रजा, प्रोबेशन आणि वाढदिवसाचे केक. कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, आणि आमच्या टीम लीड गिरिजाअक्कांच्या मते तेच माझं सगळ्यात मोठं क्वालिफिकेशन!

अक्का निपाणीच्या. मराठीत समजावतात, कन्नडमध्ये रागावतात. त्यांच्या हाताखाली नागपूरचा वैभव आला आणि त्याला होसकोटेच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम मिळालं. खोलीतली थंडी कमी झाली की सेन्सरने ओळखायचं आणि तिथल्या मॅनेजरला आपोआप फोन जायचा. सेन्सर एका कंपनीचा, फोनची सर्व्हिस दुसरीची, आणि दोघींची सोयरीक जुळवायची वैभवने. त्याचं प्रोबेशन एकदा वाढवून झालं होतं. बायको केतकी नागपूरची नोकरी सोडून जयनगरला संसार मांडून बसलेली. हे काम पास झालं तर अक्का त्याला पर्मनंट करणार, नाहीतर घरी. आणि ते ‘घरी’वालं पत्र मलाच त्याच्या हातात द्यावं लागणार.

*

वैभव सुरुवातीलाच अडकला. सेन्सरवाल्यांच्या ऑफिशियल डॉक्युमेंटेशनमध्ये होतं, पुढची माहिती फोनवाल्यांकडे बघा. फोनवाल्यांनी लिहिलेलं, सेन्सरवाल्यांकडे बघा. शेवटी तळाशी एक ओळ सापडली: अडचण आल्यास आपल्या इंटिग्रेशन पार्टनरशी संपर्क साधा.

बिचाऱ्याने सपोर्टला फोन लावून विचारलं, हा जोडून देणारा पार्टनर कोण? तिकडच्या मुलीने बराच वेळ शोधलं आणि मोठ्या अदबीने आमच्याच कंपनीचं नाव सांगितलं. वर नंबरही दिला. आमच्या रिसेप्शनचा!

*

मग एक दिवस स्क्रीनवर ‘एरर ४७’ आला. वैभवने अर्थ शोधला. तिथे लिहिलं होतं, ‘एरर ४७: सत्तेचाळीस क्रमांकाची चूक झाली आहे.’

अक्कांनी वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खोटं तरी नाही लिहिलंय."

मला सांगा, माणसाला लागतं किती? सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारं एक उदाहरण द्या. कुठलं व्हर्जन कुठल्याशी जमतं ते सांगा. चूक आली तर पुढे काय करायचं ते लिहा. आणि जे जमणारच नाही, ते पहिल्या पानावर कबूल करा, म्हणजे माणूस आठवडाभर डोकं फोडत बसणार नाही. माझ्या मिक्सरच्या पुस्तिकेत एवढं असतं. या मोठ्या लोकांना का जमत नाही, देव जाणे.

*

अक्कांचा आमच्याकडे एक नियम आहे. कोणीही डॉक्युमेंटेशन लिहिलं की ते आधी मला करून बघायला देतात. लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

वैभवने स्वतःचं लिहून आणलं तेव्हा मी बसले. सेन्सरचं झाकण उघडा. उघडलं. लाल वायर काढा. काढली. पुढची ओळ: ‘मात्र हे सगळं करण्यापूर्वी सेन्सर बंद करावा.’

सेन्सर गेला. वैभवचा चेहरा बघवेना. अक्का फक्त म्हणाल्या, "सरी," म्हणजे ठीक आहे, "परत लिही." त्याने परत लिहिलं. मग परत लिहिलं. मी इतके सेन्सर घालवले की स्टोअरवाला मला बघितलं की कपाटाला कुलूप लावायला लागला.

*

एका रविवारी सकाळी केतकीचा फोन. घाबरलेली. म्हणाली, ताई, ऑफिसात काही झालंय का? हे घरातल्या फ्रिजचं दार उघडं ठेवून समोर स्टूल टाकून बसलेत. बोलत नाहीत. हातात मोबाइल आहे, पण कोणाला फोनही लावत नाहीत.

मी तिला समजावलं की तो फोन लावत नाहीये, फोनची वाट बघतोय. त्यामुळे तिला आणखीनच काळजी वाटली! दही आंबलं, दूध नासलं. पण फ्रिजमधल्या सेन्सरचा फोन आला. केतकी सांगते, लग्न ठरलं तेव्हा हे एवढे खूश नव्हते.

*

आणि मग होसकोटे. तिथले मॅनेजर नागराज म्हणजे कडक माणूस. आधीच्या कंपन्यांनी त्यांना इतकं छळलं होतं, की प्रत्येक बारीक गोष्टीला त्यांना कोणाला तरी बोलवावं लागायचं. त्यांची अट एकच: नवीन खोलीतला सेन्सर मी स्वतः जोडणार, तुमचं लिहिलेलं वाचून. तुमच्यापैकी कोणी बोललं, तर नापास.

अक्का, वैभव आणि मी तिथे पोचलो. नागराजबरोबर जेवताना वैभवच्या तोंडून निघून गेलंच, की आज झालं तर मी पर्मनंट. नागराज नुसते ‘हं’ म्हणाले आणि भात कालवत राहिले.

मग सुरू झालं. अक्कांनी कन्नडमध्ये करून दिलेलं पान नागराज ओळीवर बोट ठेवून वाचत होते. वैभव दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलेला. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. नागराज एका ओळीवर थांबले, चष्मा पुसला, परत वाचलं. नागराज पुढे गेले.

शेवटची ओळ होती, ‘दार उघडं ठेवा आणि फोनची वाट बघा.’

आम्ही सगळे थंडीत कुडकुडत उभे. आणि नागराजच्या खिशात फोन वाजला!

त्यांनी उचलला. पलीकडून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज कन्नडमध्ये स्पष्ट सांगत होता, की नवीन खोलीतली थंडी कमी होते आहे, कृपया दार तपासा.

"सरी मॅडम, लगेच," नागराज अदबीने म्हणाले आणि लगबगीने जाऊन दार लावलं. फोन कानालाच. मग आमच्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, अजून एक. तुमचा तो नागपूरचा मुलगा चांगला आहे. त्याला ठेवून घ्या."

पलीकडून आवाज आला, "धन्यवाद." फोन कट.

नागराजनी फोन खिशात टाकला आणि वैभवच्या पाठीवर थाप मारली. "काळजी करू नको. मॅडम हो म्हणाल्या."

वैभवने भीत भीत अक्कांकडे बघितलं. अक्कांनी हसू आवरायला शालीचं टोक तोंडावर दाबलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मॅडमच हो म्हणाल्या," त्या कशाबशा म्हणाल्या, "मग मी कोण नाही म्हणणारी?"