अकोल्याला उतरवलेली माळ

डाव्या छातीत गाठ हाताला लागली तेव्हा मी आधी देवघरात गेले, डॉक्टरकडे नाही. गुरुवार, एकादशी, संकष्टी, सगळे उपास चालू होते. माझ्या हिशेबाने कॅन्सरला माझ्याकडे यायला वारच मोकळा नव्हता.

महिना असाच घालवला आणि शेवटी तपासायला अकोल्याला गेले. अमरावतीत तपासणी होत नाही असं नाही. पण आमच्या भजनी मंडळातली कुणी तिथे भेटली असती तर? मंडळाची अध्यक्ष मी. "एवढं देवाचं करूनही हिलेच कशी झाली? काही तरी चुकलंच असंल," असं मंडळात बोललं जातं हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण बोलणारी बहुतेक वेळा मीच असायची.

तपासणीच्या खोलीतली पोरगी म्हणाली, "काकू, गळ्यातलं सगळं काढा लागते." मंगळसूत्र काढलं, ताईत काढला. तुळशीच्या माळेशी अडले.

"लाकडाचीच तर हाये, राहू दे ना वं."

"फोटोत तिचा मणीच गाठीसारखा दिसला म्हंजे?"

तिथे माझं अध्यात्म संपलं. माळ उतरवली. यंत्राने दाबलं तेव्हा तर तोंडून देवाचं नावही आलं नाही, नुसतं "माय वं!" आलं.

गाठ वाईटच निघाली, पण लहान होती. लेकीकडे जाते असं मंडळात सांगून ऑपरेशन करून आले.

परतल्यावर पहिल्याच भजनाला पेटी वाजवणाऱ्या आजी म्हणाल्या, "उतरली वं तू. पन तुले काय होते! तुह्यासारखी भक्ती कोनाची हाये?" साऱ्यांनी माना डोलावल्या. एरवी मी फुगले असते. त्या दिवशी कोण जाणे का, चीडच आली.

"मले कॅन्सर झाला होता," मी म्हणाले.

टाळ खाली ठेवून साऱ्या जवळ सरकल्या. काय चुकलं असेल, हे मात्र कुणीच विचारलं नाही. पेटी झाकताना आजी माझ्या कानाशी आल्या.

"मले बी हाये गाठ. मांगच्या दिवाळीपासून. देवाले सांगतलं फक्त."

मला रडू आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन अकोल्याला निघाले. गाडीने बडनेरा सोडलं तशी त्यांनी विचारलं, "माळ काढा लागते काय?"

"लागते."

त्यांनी तिथेच माळ उतरवून माझ्या हातात दिली. "जवळ ठेव. अन् बाहेर जपत बसू नोको. माह्यासंग आत ये."