दोन गालांतल्या दोन पिना

“माणूस दारानं येवो नाहीतर खिडकीतून, पिन मात्र तिच्या बाजूनंच आत गेली पाहिजे,” असं तो एकदा म्हणाला. त्याचा मेहुणा तेव्हा दारानंच येऊन त्याच्या सोफ्यावर आडवा झाला होता आणि जायचं नाव घेत नव्हता.

तो नेमबाजी क्लबात रायफली दुरुस्त करी. क्लबामागची खोली, भिंतींना तेलाचा वास, खिडकीत एकच काच धड. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. तो थांबे फक्त माशी बसवताना. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा दाणा. तिचं बूड दोन आडव्या पिनांनी नळीला जखडलेलं असतं. या पिना निमुळत्या. एक टोक किंचित जाड, नजरेला कळत नाही, बोटाला कळतं. बारीक टोक आधी आत जातं. शिवाय पुढची पिन पुढच्याच भोकाची, मागची मागच्याच. घोटाळा नको म्हणून तो पुढची उजव्या गालात ठेवी, मागची डाव्या. संसारात जी काही शांतता लाभली ती या पिनांची कृपा, असं त्याची बायको शेजारणींना सांगे.

मेहुणाही त्याच क्लबात नेम धरायला येई. क्लबाची ढाल जिंकली की आपल्या घरी परत जाईन, असं त्यानं बहिणीला वचन दिलं होतं. ढाल काही मिळत नव्हती. सोफ्याला त्याच्या अंगाचा खळगा पडला होता. हरला की तो माशीला दोष देई. शेवटी त्यानं ती स्वतःच काढली आणि स्वयंपाकघरातल्या बत्त्यानं परत ठोकली. पिना उलट्या बाजूनं. मागून कुणी हाक मारावी तशी माशी एका अंगाला वळून राहिली.

“दाजी, पिन म्हणजे पिन. इकडून काय नि तिकडून काय,” मेहुणा म्हणाला.

“मग पाहुणे, आजपासून उशीवर पाय ठेवून झोपत चला.”

दुपारी स्पर्धा होती. सकाळी त्यानं मेहुण्याची रायफल व्हाइसच्या जबड्यात धरली. माशी सरळ उभी राहिली तर घर रिकामं होणार होतं, त्यामुळे इतका जीव ओतून त्यानं कुणाचीच रायफल केली नव्हती. पंचाची पितळी कांडी पिनांच्या बारीक टोकांना लावून त्या आल्या वाटेनं परत काढल्या, पुसल्या, गालांत ठेवल्या. शेजारी स्टुलावर बसलेला मेहुणा एकाएकी हळवा झाला.

“दाजी, मी गेल्यावर तुम्हाला करमेल का हो?”

त्याला हसू फुटलं, हसण्याचा ठसका झाला आणि दोन्ही पिना जिभेवर आल्या. कुठली कुठल्या गालातली, कळेना. अंदाजानं एक पुढच्या भोकात घातली, तर ती विहिरीत पडावी तशी खोल गेली. दुसरी मागच्या भोकात अर्ध्यावरच अडली. त्यानं मेहुण्याला स्टुलासकट बाहेर बसवलं, दोन्ही पिना काढल्या, अदलाबदल केली, बाजू बोटांनी चाचपली आणि हलक्या हातानं ठोकू लागला. ठोक्याचा पोकळ आवाज हळूहळू भरीव झाला. नळीवरून पाहिलं, तर माशी सरळ उभी होती.

मेहुणा जिंकला.

संध्याकाळी ढाल टीव्हीवर उभी राहिली. बायकोनं भावाची बॅग भरून, वर घडी केलेला टॉवेल ठेवून दारात आणून ठेवली. मेहुणा उठला, बहिणीच्या पाया पडला आणि मग त्यानं दाजींचे दोन्ही हात हातांत घेतले.

“निघणारच होतो, दाजी. पण असा कारागीर मला तिकडे कुठं भेटणार? आता मोठी स्पर्धा होईपर्यंत इथून हलत नाही.”

एवढं बोलून तो आपल्या खळग्यात जाऊन बसला. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, बोला की काहीतरी.”

त्यानं चपला पायांत सरकवल्या, दारातली ती भरलेली बॅग उचलली आणि स्वतःच घराबाहेर पडला.