धसकटाशेजारची तूर

वाळलेल्या तुरीचा भारा सासूने माझ्या पुढ्यात आदळला आणि म्हणाली, "घे. आधी पोरगं खाल्लंस, आता रान खाल्लंस."

माझं बोचकं बांधून ओसरीवर ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायची आणि मला तान्ह्या पोरीसकट माहेरी, घनसावंगीकडे पोचवायचं, असं ठरलं होतं. परत आणायचं ठरलं नव्हतं. नवऱ्यासाठी पिंपळगाव रेणुकाईची एक मुलगी बघितल्याचं मला शेजारणीने विहिरीवर सांगितलं होतं.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधीची ही गोष्ट. आमचं गाव भोकरदनजवळ. आमच्या घरात अशी रीत, की तुरीच्या पेरणीला चाड्यावर मूठ धरायची ती लेकरं जगलेल्या बाईने. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. ओटीतलं बी मुठीने तिच्यात सोडत चालायचं. माझा पहिला मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला होता, म्हणून मूठ सासूचीच असे. त्या साली तिचा पाय सुजला आणि मला चालावं लागलं.

खालच्या रानात नवऱ्याने नुसती तूर धरली होती, तीही सलग दुसऱ्या साली. जवारी पिकवली की सरकार लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत नेतं, मग पेरायची कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याआधी त्या घरात जवारीशिवाय तूर कोणी पेरली नव्हती. सासरे बघत होते, पण बोलले नाहीत.

पेरणी संपत आली तेव्हा पोरगी बाभळीच्या झोळीत रडायला लागली. मी धावले, तिला पाजलं. नवरा तिफणीवरून ओरडत होता. घाईत मी भलत्याच पोत्यातून ओटी भरली. वरच्या रानात पेरायची जवारी होती ती. ओटीतल्या तुरीत मिसळली, आणि नाल्याकडची शेवटची सहा तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, तशीच पेरली गेली. उगवल्यावर नवरा म्हणाला, खुरपताना उपटून टाक. थोडी उपटली. मग पोरीला ताप आला आणि राहिली ती राहिली. पिकल्यावर कापून घेतली.

दिवाळीनंतर तूर फुलावर आली आणि झाडं माना टाकायला लागली. जमिनीत ओल होती, तरी आज एक, उद्या दहा. बघता बघता रान करडं झालं. मला घरात बसवेना. तव्यावर भाकरी टाकायची, उठून दाराशी जायचं, परत यायचं तोवर भाकरी जळलेली.

"काय येरझारा घालून राह्यली?" सासू म्हणायची. "जे वाळायचं ते वाळलं."

बोचकं बांधलं त्या दुपारी मी पोरीला काखोटीला मारलं, विळा घेतला आणि रानात गेले. काय बघायचं ते माहीत नव्हतं. नुसती या टोकाहून त्या टोकाला चालत राहिले. नाल्यापाशी पोचले तर सहा तासं हिरवी उभी. त्यांच्यात कापलेल्या जवारीची धसकटं, मुळांसकट उरलेले बुडखे, होती. मी एक मेलेलं झाड उपटलं. साल काढली तर आत खालून वर काळी रेघ. एक जितं उपटलं. आत पांढरं स्वच्छ. त्याची मुळं धसकटाच्या मुळांत अडकलेली, सुटेनात. माती चिकटून आलेली, आणि तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे.

दोन्ही झाडं आणून उंबऱ्यावर टाकली. सासरे ओसरीवर दोर वळत होते. त्यांच्याशी सुनेने बोलायचं नसे. मी सासूकडे तोंड केलं आणि आवाज त्यांना पुरेल एवढा काढला.

"आत्याबाई, ह्ये बघा. दोन्ही माझ्याच मुठीतलं बी. एक मेलं, एक जितं. माझा हात वाईट असता तं दोन्ही मेले असते."

"तीन यत्ता शिकली तं तहसीलदार झाली!" सासू म्हणाली.

नवरा म्हणाला, "नाल्याची वल लागली त्याला. दुसरं काही न्हाई."

"वल काय तास बघून लागती? बाजूचं तास हातभर लांब. ते मेलं. त्याच्यात जवारी न्हाई."

सासऱ्यांनी दोर खाली ठेवला. जित्या झाडाची मुळं नाकाशी धरली, थोडी माती बोटांनी कुस्करली आणि रानाकडे गेले. ते येईपर्यंत मी तीनदा अंगण झाडलं. झाडण्यासारखं काही नव्हतं.

दिवस मावळताना आले. नवऱ्याला म्हणाले, "उद्या गाडी जुपायची न्हाई." मग दोर परत उचलत, "पेरतानाच बोलाया पायजे होतं मी."

बोचकं मीच सोडलं. पुढच्या पेरणीला वरच्या रानात तुरीचं बी त्याच सहा तासांतलं होतं. खालच्या रानात दोन वर्षं तूर धरली नाही, आणि नंतर कधी जवारीशिवाय धरली नाही.

बऱ्याच वर्षांनी शेतीखात्याचा एक माणूस गावात आला होता. त्याला मी विचारलं. तो म्हणाला, तुरीला मारणारी एक बुरशी मातीत राहते, तुरीवर तूर घेतली की वाढते. जवारीच्या मुळांशी दुसरे बारीक जीव जगतात, ते त्या बुरशीला आवरतात. सगळ्या बुरश्या वाईट नसतात, काही झाडाला पाणी पोचवतात. मी म्हटलं, हे तेव्हा सांगायला कोणी आलं नाही. तो हसला. मला हसू आलं नाही.

सासू, सासरे, नवरा गेले. माझी पुढची दोन लेकरंही गेली. झोळीतली ती पोरगी जगली. तिला आता नातवंडं आहेत. त्या घरातल्या आम्ही दोघीच उरलो.