न्हाणीच्या चुलीतलं ऑर्किड

आमच्या पूर्वेच्या खिडकीत सध्या एक जांभळं ऑर्किड फुललं आहे. मिरजोळ्याच्या बाजूला एक रोपवाटिका आहे, तिथून सुनेने ते थंडी सुरू होताना आणलं. एकदा फुललं की दोन महिने हलत नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं. त्याला माती लागत नाही. कोळशाच्या नि सालींच्या तुकड्यांत ते बसतं. मुळं पांढुरकी दिसली की पाणी द्यायचं. आणलं सुनेने, पण पाणी मी देत आलो, कारण आमच्या हिचा झाडांच्या बाबतीत सुनेवर विश्वास नाही. तो का नाही, ते मला लिहून ठेवायचं आहे.

सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात, देवरूखजवळ हिच्या माहेरी, एका आंब्याची फांदी मोडली. तिच्यावरचं रानटी ऑर्किड हिने पिशवीत घालून आणलं. माझा जन्म हापूसच्या कलमांत गेला. झाडावर उगवलेलं काहीही मी बांडगूळच समजतो आणि कोयतीने खरवडून टाकतो.

“बांडगूळ आणलंस माहेराहून?” मी म्हटलं.

“बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बसतं.”

“नुसतं बसणाऱ्याला घरात कशाला आणायचं?”

“तुम्ही माझ्या माहेरी येता तेव्हा काय करता? तुम्हाला कोणी खरवडलं का?”

हिने ते नारळाच्या एका सोडणावर, म्हणजे वाळलेल्या सालावर, तांब्याच्या तारेने बांधलं आणि पडवीत खिळ्याला टांगलं. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडून गळली. नुसत्या करड्या कांड्या उरल्या. मेलं ते, असं मी म्हणालो. ही म्हणाली, थंडीत ते असंच असतं, उघड्या कांडीवरच फुलतं. रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडायची, कांड्या निरखत बसायची. माझा चहा थांबायचा.

घरात गीझर आहे, पण थंडीत आम्हाला न्हाणीच्या चुलीवरचंच पाणी लागतं. जळणाला सोडणं. त्यांचा ढीग पडवीच्या कोपऱ्यात, त्या खिळ्याच्या खालीच. चूल सून पेटवायची. पौषातल्या एका सकाळी तिने चूल पेटवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. जाळ मंद वाटला म्हणून मी पडवीतून दोन-तीन सोडणं आणून आत सारली. त्यातल्या एकाची तार माझ्या बोटाला लागली.

इथपर्यंत मला पक्कं आठवतं. पुढचं नाही. म्हणजे मागचं नाही. ते सोडण मी खिळ्यावरून काढलं होतं की ते खाली ढिगात पडलेलं होतं? कधी हात वर गेलेला आठवतो, कधी मी खाली वाकलेला. आणि तार लागल्यावर मी थांबलो का नाही? सोडणाला तार कशाला असेल, हे कळायला कितीसा वेळ लागतो? तरी मी ते आत ढकललं.

तासाभराने हिचा आवाज आला. खिळा रिकामा होता, आणि ते सोडण चुलीत घातलंस का, असं ही सुनेला विचारत होती. आदल्या संध्याकाळी कांडीच्या गाठींवर तिला कळे दिसले होते.

“मी बघूनच घालते हो आई,” सून म्हणाली.

“बघून घातलंस? मग तर आणखीच वाईट.”

मी चहा पीत होतो. म्हणालो, “जाऊ दे आता. वाळलेलंच होतं ते.” मी सुनेची बाजू घेतली असं दोघींनाही वाटलं, आणि चूक सुनेची हे त्या वाक्याने ठरून गेलं. दुसऱ्या दिवशी राखेतली तार मी उचलून माडाच्या आळ्यात पुरली. म्हणजे मला कळत होतं. की राखेत तार नको म्हणून उचलली? तेही आता सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात ही देवरूखला जायला निघाली आणि सुनेच्या देखतच मला बजावू लागली, पाणी तुम्हीच द्या. मग मात्र माझ्याने राहवलं नाही. तेव्हाचं ऑर्किड मी जाळलं, असं मी सांगून टाकलं.

हिने पिशवीची चेन लावली. “सहा वर्षांनी सुनेचा पुळका आला?”

“तार माझ्या बोटाला लागली होती.”

“तार मी तुमच्यासमोरच बांधली होती. तुम्हाला ती माहीत असणारच.”

मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, “बाबा, राहू द्या ना. ते माझ्याच हातून गेलं. अंधुक होतं, मी धड बघितलंच नव्हतं. तेव्हा खोटं बोलले मी. म्हणून तर हे आणलं.”

मी खुर्चीवर बसलो. सहा वर्षं तिने माझी चूक स्वतःची समजून वागवली होती, आणि आता मी मागितली तर ती द्यायला तयार नव्हती. दोन दिवस मलाच शंका येत राहिली. तिनेच घातलं असेल, आणि मला लागली ती दुसरीच एखादी तार असेल तर? पण राखेत तार एकच निघाली, आणि ती मी ओळखली होती. हिने मारलेला दुहेरी पीळ तिला तसाच होता. चुलीत घातलं ते मीच. हे मी ठरवून लिहीत नाही, आठवून लिहितो आहे.

काल हिचा फोन आला. “पाणी दिलंत?”

“सुनेने दिलं. मीच सांगितलं तिला.”

“किती दिलं?” हिने विचारलं.

“मला काय माहीत?”

“तिला द्या फोन.”

सून फोन घेऊन खिडकीपाशी गेली. “हो... नाही, फुलांवर नाही पडू दिलं... हो आई.” बराच वेळ तसंच चाललं. ही तिला विचारत होती की तिची उलटतपासणी घेत होती, मला काही उमगलं नाही. बोलणं झाल्यावर सुनेने फोन माझ्याकडे दिला.

“काय म्हणाली?”

“खाली साचलेलं पाणी ओतून टाक म्हणाल्या,” ती म्हणाली, आणि कुंडीखालची बशी उचलून मोरीकडे गेली.