पंखवाल्या सरांचं रोप

माझी थोरली बहीण झाडांची नाती शोधते. गाजर, कोथिंबीर, जिरं, बडीशेप, ओवा हे सगळे एकाच कुळातले. पण त्यांत कोण कुणाचं सख्खं आणि कोण लांबचं, हे नुसत्या चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून ताई पानाचा तुकडा कुटते, त्यातला डीएनए वाचून घेते आणि अक्षरांच्या रांगा एकमेकींशी ताडून पाहते. आई भाजी निवडताना म्हणते, "हिच्यापुढे जुडी ठेवू नका गं, वंशावळ काढत बसेल."

तिच्या विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे 'पंखवाले सर' म्हणतात. तरुणपणी त्यांना याच कुळातल्या एका रानरोपाच्या बियांना पंख दिसले. तेवढ्यावरून त्यांनी ते रोप वेगळं काढलं, त्याला नवं नाव दिलं आणि त्या पंखांवर आयुष्यभर उडत राहिले. विभागाच्या बागेत त्या रोपापुढे त्या नावाची पाटी आहे.

ताईच्या तपासणीत ते रोप थेट गाजराच्या भावंडांत जाऊन बसलं. या कुळात बियांना पंख म्हणे वेगवेगळ्या घरांत आपापले फुटतात, त्यावरून नातं ठरत नाही. सर म्हणाले, "नमुन्यांची सरमिसळ केलीयस तू. वंशावळीच्या आकृतीतली तेवढी फांदी काढून टाक, मग तुला नोकरीत कायम करायचं बघतो." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं नाव टिकावं म्हणून दुसऱ्याला खोटं बोलायला लावायचं, आणि वर उपकाराचा आव!

ताई भांडली नाही. विभागाच्या संग्रहातल्या, त्याच जातीच्या सर्वांत जुन्या, वाळवून ठेवलेल्या रोपाचं नखाएवढं पान तिनं रीतसर मागून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. उत्तर तेच आलं.

विभागाच्या खुल्या सभेत मी मागच्या रांगेत होते. पडद्यावर आकृती आली आणि सर कडाडले, "कुठल्या गबाळ्यानं गोळा केलंय हे रोप? ओळखता तरी येतं का त्याला?"

"तुम्हीच, सर," ताई म्हणाली. "ज्याच्यावरून तुम्ही नाव दिलंत, तेच हे."

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "चला, चहा घेऊ." एवढे विद्वान बसले होते, सगळे त्यांच्यामागोमाग उठले.

ताईची नोकरी गेली. सरांचा राग आहेच मला, पण त्याहून जास्त त्यांच्यामागोमाग चहाला उठलेल्यांचा आहे. आम्ही सामान आणायला गेलो, तेव्हा तिच्या दारावरची पाटी उतरवलेली होती. बागेतली अजून तशीच आहे, आणि तिच्यामागे ते गाजराचं भावंड परक्या नावानं फुलतंय.