काकूच्या हलव्याचा काटा

रेझिनला ओलावा खपत नाही आणि मला ‘नाही जमणार’ हे खपत नाही. त्यामुळे आमचं दोघांचं भांडणच जास्त. देवासला माझी शेड आहे, तिथे मी रेझिन ओतून मूर्ती करते. धारहून काकू फोनवर ऐकवते, “एवढं शिकून शेवटी प्लास्टिकच्या बाहुल्या!”

मागल्या वर्षी डोक्यात एकच मूर्ती होती. पाटावर बसलेली, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेली लहान मुलगी. म्हणजे मीच. धारच्या घरी संक्रांतीआधी काकू शेगडीवर परात ठेवायची, तिळावर चमच्याचमच्यानं पाक सोडायची आणि बोटांनी दाणे फिरवत राहायची. दिवसचे दिवस हे चाले, तेव्हा कुठे दाण्यावर पांढरा काटा उभा राही. तो आधी जिभेला टोचायचा, मग विरघळायचा. लहानपण म्हटलं की मला पहिल्यांदा ते टोचणंच आठवतं.

आता काकूचे हात थरथरतात. तिच्या हातचा शेवटचा हलवा एका बरणीत उरला होता, तो तिनं मला दिला. “तूच ठेव. बाकी कोणाला कदर नाहीये.” घरात दुसऱ्या कोणाला हलवा येत नव्हता. बरणी संपली की तो काटा संपला, आणि मला तो संपू द्यायचा नव्हता.

आधी झबल्याच्या काळ्यानं छळलं. बाजारचा काळा रंग मेलेला दिसायचा. माझ्या आठवणीतला काळा उन्हात जांभळाच्या सालीसारखा व्हायचा. जांभळा, निळा, किंचित लाल असे पातळ थर ओतत गेले, आणि एका सकाळी झबलं अगदी तस्संच उतरलं. मी शेडमध्ये एकटीच नाचले.

मग दागिने. बरणीतले मूठभर दाणे दोऱ्याला बांधून हार केला, मूर्तीच्या गळ्यावर ठेवला, वरून पारदर्शक रेझिन ओतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पांढरा रंग गायब! साखरेनं रेझिन पिऊन टाकलं होतं. दाणे शिजलेल्या साबुदाण्यासारखे झाले होते आणि काटा शोधूनही दिसेना. मी रडले नाही. शिव्या दिल्या, रेझिनला, साखरेला आणि माझ्या घाईला. रेझिनवाला म्हणाला, “दीदी, सफेद मोती डाल दो. किसको पता चलेगा?”

“भिया, मेरेको पता चलेगा,” मी म्हटलं.

तो थर घासून काढला आणि ठरवलं, आता बरणीला हात लावायचा नाही. आधी स्वतः हलवा करायचा, प्रयोग त्याच्यावर, आणि जमलं की मगच काकूचे दाणे. थंडी पडल्यावर शेडमध्ये शेगडी मांडली. बोटं पोळली. पहिली परात सगळी टकली निघाली. काकूला फोन केला तर ती कडाडली, “पाक भसकन ओतलास ना? माकडीण कुठली! थेंबानं सोड.” थेंबानं सोडला. पुन्हा टकले. पुन्हा केला. शेवटी काटा आला, बुटका, वाकडा, पण आला! त्यावर आधी वार्निशचे पातळ फवारे मारून मग रेझिन ओतलं, आणि पांढरा रंग जागच्या जागी राहिला.

आता काकूच्या दाण्यांची पाळी. हार नीट कसा बांधायचा हे तिलाच विचारू म्हणून बरणी पिशवीत घालून धारला गेले. त्याच दिवशी काकूच्या पणतीचं बोरन्हाण होतं. काळ्या झबल्यातली ती चिमुरडी पाटावर बसवलेली, भोवती गल्लीतली पोरं टपून बसलेली. ताटात बोरं, चुरमुरे आणि बाजारचा हलवा, गुळगुळीत, गोटीसारखा. काकूनं त्यातला एक दाणा तोंडात टाकला, काटा शोधत जिभेवर फिरवला आणि हळूच पदरात काढून टाकला. तेच मला सहन होईना.

खोटं कशाला बोलू, माझा जीव तुटत होता. एवढ्या खटपटीनं राखलेली बरणी. पण मूर्तीला जीभ कुठे असते? मी झाकण उघडलं आणि सगळा हलवा बाळाच्या डोक्यावरून ओतला. पोरं तुटून पडली.

“अगं, आणि तुझी बाहुली?” काकू ओरडली.

“तिला माझा हलवा.”

“फोटोत पाहिलाय मी. वाकडा आहे तो.”

“असू दे वाकडा.”

शेजारच्या एका मुलीनं दाणा तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “ये तो चुभ रहा है!” पण थुंकला नाही. चघळून संपवला आणि माझ्यापुढे हात केला. “और दो.”

मी तिला रिकामी बरणी दाखवली.

“अगली संक्रांत को आना,” मी म्हटलं. “मैं बनाऊँगी.”