काचेखालची फुलं

गाडी चालू होत नसेल तर आधी अर्थिंग तपासा, असं मला सांगणारे ढीगभर पुरुष माझ्या ओळखीचे आहेत. त्यांतल्या एकालाही मी हे सगळं घडेपर्यंत प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. बुटक्या, दोन सीटच्या, आवाज करणाऱ्या स्पोर्ट्स गाड्या पाळणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आणि माझा नवरा त्यात होता. तो गेल्यावर कोणीतरी त्याच्या जागी माझा नंबर घातला आणि मी बाहेर पडायचा कंटाळा केला. सकाळी एखाद्याचं इंजिन तापायचं आणि दुपारपर्यंत त्याला उपायांचा पाऊस पडायचा, सगळे एकमेकांच्या बरोब्बर उलटे. मी ते सगळं वाचायचे. सांत्वनाच्या मेसेजपेक्षा ते बरं होतं. कूलंट गळतंय म्हणून कोणी कोणाला ‘धीर धरा’ म्हणत नाही.

नवऱ्याला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं आणि मला काही वाटत नव्हतं. हे सांगितलं की लोक माझा हात हातात घ्यायचे, म्हणून सांगायचंही सोडून दिलं. ऑफिसला जात होते, भाजी आणत होते, सासूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या आणत होते. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं चाललं होतं.

गाडी खाली उभी होती, मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगच्या मागे, बदामाच्या झाडाजवळ. लाल रंगाची, सेकंडहँड. ती पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, घरात माणसं तीन आणि सीटं दोन, मग तिसऱ्याने काय टपावर बसायचं? तेवढं बोलून त्यांनी हळदकुंकवाचं ताट आणलं होतं. त्या मूळच्या मालवणकडच्या. नावं ठेवायची आणि ओवाळायचंही, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. नवरा गेल्यावर मी गाडीवर साधं कापडी कव्हर घातलं आणि तिकडे फिरकले नाही. बाल्कनीतून दिसते म्हणून कपडे वाळत घालायची दोरीही मी स्वयंपाकघराच्या बाजूला हलवली.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घरं रिकामी करायची होती. आम्ही नाहूरला भाड्याने जागा घेतली, तिथे पार्किंग नव्हतं. ग्रुपमधले घाटकोपरचे एक गृहस्थ गाडी आहे तशी घ्यायला तयार झाले. टोइंगवाला पाठवतो, उचलून नेईल, म्हणाले. मी हो म्हटलं. रात्रीच्या जेवणात सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला.

“त्याला चौघांनी उचलून नेला,” त्या म्हणाल्या. “गाडी कोणी उचलायची नाही. ती आपल्या पायांनी जाईल, मग मी हे घर सोडीन.”

मला वाटलं, बोलतायत. पण सामान बांधायला माणसं आली तेव्हा त्यांनी आपल्या कपाटाला हात लावू दिला नाही. देव्हारा जागचा हलला नाही. शेजारपाजारची दारं कुलूपबंद होत गेली, पाण्याची मोटर काढून न्यायची तारीख लागली, सेक्रेटरी येऊन गोड बोलून गेले, मग येऊन तिखट बोलून गेले. सासूबाईंनी दोन्ही वेळा त्यांना चहा दिला. जवळच्या मेकॅनिकने गाडी पाहिली आणि गॅरेजला उचलून न्यावी लागेल म्हणाला. म्हणजे पुन्हा तेच. मग नवऱ्याची हत्यारांची पेटी घेऊन मीच खाली उतरले. दुःख वगैरे काही नव्हतं. गॅस सिलिंडर बदलायला जावं तशी गेले.

ज्यांच्याकडे अशी गाडी बरेच दिवस उभी आहे त्यांच्यासाठी सांगते. आधी बॅटरी. ती मेलेली असतेच, तिच्यावर आशा ठेवू नका. नवी आणून बसवली. मग अर्थिंग, ग्रुपच्या समाधानासाठी. बॅटरीची जाड काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे गंज धरतो, तो पॉलिश पेपरने घासला. मग टाकीतलं शिळं पेट्रोल उपसून ताजं भरलं. सेल्फ मारला. दिवे लागले, पंख्याने जांभई दिली आणि बाकी शांतता.

ग्रुपवर टाकलं. फ्यूज बघा, वहिनी. स्टार्टरला हलके ठोका, वहिनी. अजिबात ठोकू नका, वहिनी. एकाने मात्र विचारलं, डाव्या सीटपुढचं कारपेट दाबून बघा, ओलं आहे का? मी तळहात दाबला. मनगटापर्यंत पाणी आलं. थंडीचे दिवस होते, पाऊस संपून किती काळ लोटला होता, आणि कारपेटखालच्या स्पंजाने पावसाळा तसाच धरून ठेवला होता. त्याच्याखाली गाडीचा कॉम्प्युटर. गाडी बनवणाऱ्यांनी पाणी साचेल अशी एकच जागा निवडली आणि तिथे मेंदू ठेवला. ज्याने ही अक्कल लढवली त्याला सोसायटीचं सेक्रेटरी करायला हवं.

पाणी येतं कुठून, तर वरून. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी एक जाळी असते. काचेवरचं पाणी तिच्यातून आत जातं आणि दोन बाजूंच्या नळ्यांतून चाकामागे खाली पडतं. नळी तुंबली की पाणी पंख्याच्या वाटेने गाडीत शिरतं. मी वायपर काढले, जाळी उचलली. आत काळा चिखल होता. बदामाची पानं असणार, असं धरून मी चमच्याने उकरायला लागले. पहिल्या चमच्यात तांदूळ निघाले. मग झेंडूचे देठ, हाराचा दोरा, आणि आपट्याचं पान, काळं पडलेलं पण दुहेरी आकार शाबूत.

चमचा हातात धरून मी तशीच उभी राहिले. दसऱ्याला सासूबाई गाडीची पूजा करायच्या. बॉनेट इतकं उतरतं की त्यावर ठेवलेलं फूल घसरून खाली पडायचं, आणि वाहिलेलं फूल पायात आलेलं त्यांना चालायचं नाही. म्हणून त्या फुलं, अक्षता, सोनं सगळं त्या जाळीत खोचायच्या. तिथे छान राहतं, असं म्हणायच्या. नवरा गेला त्या वर्षी घरात सण नव्हता, तरी त्या ताट घेऊन खाली गेल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, गाडीला कसलं सुतक. यंदाही गेल्या, एकट्याच, कव्हर वर करून.

मला राग आला. असा सणसणीत, की मी दचकले. दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं आणि ते हे. गाडी आपल्या पायांनी जायला हवी म्हणून घर अडवून बसल्या आहेत, आणि तिचे पाय मोडले ते त्यांनीच. वर जाऊन आपट्याचं पान त्यांच्यासमोर ताटात ठेवायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

आधी नळी मोकळी करावी म्हणून ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, तार घालू नका, नळी आतून निसटेल. नायलॉनची मऊ दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर वितळवून त्याची गोळी करा आणि ती सरकवा. मी पेटी उघडली. पान्यांच्या खाली नीट वेटोळं करून एक हिरवी नायलॉनची दोरी ठेवलेली होती. टोकाला वितळवलेली गोळी. गोळीला तांदळाचा एक दाणा चिकटलेला.

दसऱ्यानंतरचा रविवार मला आठवला. दरवर्षी नवरा त्या दिवशी खाली जायचा आणि बॉनेट उघडून वाकलेला असायचा. मी बाल्कनीतून चहा गार होतोय म्हणून हाका मारायचे. काय करत होतास विचारलं तर म्हणायचा, काही नाही, साफसफाई. म्हणजे त्याला माहीत होतं. आईला ‘तिथे फुलं ठेवू नकोस’ एवढं एक वाक्य सांगण्यापेक्षा त्याने दरवर्षी दोरी घातली. आणि मलाही सांगितलं नाही, कारण मी वर जाऊन ते वाक्य सांगितलंच असतं. तो मला बरोबर ओळखून होता. ते पान मी कचऱ्यात टाकलं आणि वर जाऊन काही बोलले नाही. राग मात्र तसाच राहिला. आता तो त्याच्यावरही होता.

पुढचं काम साधं होतं. ती दोरी सरकवून नळ्या मोकळ्या केल्या, बाटलीभर पाणी ओतलं, चाकामागे धार पडली. कारपेट गच्चीवर उन्हात टाकलं. कॉम्प्युटर काढून त्याच्या हिरव्या पडलेल्या पिना स्प्रे मारून टूथब्रशने घासल्या आणि तो देव्हाऱ्याशेजारी सुकत ठेवला. सासूबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावायला हात पुढे केला, तेव्हा मात्र मी त्यांना अडवलं. सगळं परत जोडून सेल्फ मारला आणि इंजिन लागलं. रिकाम्या बिल्डिंगमध्ये आवाज केवढा तरी घुमला. मला आनंद झाला नाही. एक काम संपलं, एवढंच वाटलं.

गाडी जायच्या दिवशी घाटकोपरचे गृहस्थ आले. वयस्कर, टक्कल, हातात हेल्मेटएवढा पेढ्यांचा पुडा. अर्थिंगच होतं ना वहिनी, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सासूबाई ताट घेऊन खाली आल्या. गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नेहमीसारखी झेंडूची फुलं काचेखालच्या जाळीत खोचली. मी दात आवळून बघत होते. मग त्या गृहस्थांच्या खिडकीशी वाकल्या.

“ही फुलं दोन दिवसांनी काढा हं,” त्या म्हणाल्या. “आत गेली की पाणी तुंबतं. माझा मुलगा दसरा झाला की दोरी घालून काढायचा. मी वरून बघायचे.”

गृहस्थांनी मान डोलावली. मी सासूबाईंना बाजूला घेतलं.

“आई, तुम्हाला माहीत होतं?”

“न माहीत व्हायला काय झालं गो. त्याला बरं वाटायचं, माझं मन राखतोय म्हणून. राखू दे म्हटलं.”

“मग तो गेल्यावर फुलं कशाला खोचलीत?”

त्यांनी बोटांची हळद पदराला पुसली.

“मला वाटलं, रविवारी काढायला तू जाशील खाली.”

“आणि यंदा?”

“यंदाही तेच वाटलं.”

लिंबू फुटलं आणि गाडी निघाली. स्पीडब्रेकरवर तिचं पोट नेहमी घासायचं तसं घासलं, आणि ती गेटमधून आपल्या पायांनी बाहेर पडून डावीकडे वळली. मला रडू आलं. सेक्रेटरींच्या समोर, पार्किंगमध्ये उभ्याउभ्या, नाकातोंडातून, आवाज करून. सासूबाईंनी मला गप्प केलं नाही की जवळही घेतलं नाही. माझं होईपर्यंत त्या ताट धरून थांबल्या, मग म्हणाल्या, चल, देव्हारा आवरायचाय.